ऐंशीच्या दशकातले मराठी सिनेमे : कुठे पाहिलेत, कुणाबरोबर पाहिलेत?

माळावरची

आमच्या गावची जत्रा चैत्रात. गाव कोरेगाव तालुक्यातलं, थिएटर गाठायचं तर एसटीने दीड तास. म्हणून सिनेमाच आमच्याकडे यायचा, वर्षातून एकदा, ट्रकमधून. पालखीच्या आदल्या दिवशी माळावर तंबू उभा राहायचा, उंच बांबूला कर्णा बांधायचे आणि दुपारपासून गाणी लावायचे. तीन वाड्यांवर आवाज जायचा. गाणी थांबली की समजायचं, खेळ सुरू झाला. उशीर झालेली माणसं कर्णा थांबायच्या आत पोचायचं म्हणून माळ पळत चढायची.

१९८४ च्या जत्रेत 'एक डाव भुताचा' आला होता. सिनेमा ८२ सालचा, आमच्या माळावर यायला त्याला दोन वर्षं लागली. मी आठ वर्षांची. आजी, मी आणि धाकटा भाऊ. बायका डाव्या अंगाला, गडीमाणसं उजव्या, मध्ये दोर. आजीने बसायला पोतं आणलं होतं. दिलीप प्रभावळकर साधेभोळे मास्तर, आणि अशोक सराफ म्हणजे खंडोजी फर्जंद नावाचं भूत. ते भूत मास्तरांना "माष्टुरे" म्हणून हाक मारायचं आणि सगळा तंबू हसायचा. भुताला कुणी घाबरत नाही, उलट ते पडद्यावरून गेलं की करमत नाही, हे मला त्या वयात फार नवलाचं वाटलं होतं.

मध्यंतर झालं आणि थोड्याच वेळात वळीव आला. कापड फुगलं, खांब हलायला लागले, पडद्यावरचं चित्र गेलं, मग जनरेटरही बंद. लोक उठले. आजीने पोत्याची खोळ करून माझ्या डोक्यावर घातली, भावाला कडेवर घेतलं आणि आम्ही चिखलातून घराकडे निघालो. मी रडत होते, पुढे काय झालं असेल म्हणून. आजी म्हणाली, "रडतीस कशापायी? म्या सांगती की." आणि उरलेला सिनेमा तिने मला सांगितला. तिनेही तो पाहिलेला नव्हता. घराच्या उंबऱ्याशी आलो तेव्हा सिनेमा संपला होता.

त्यानंतर मी 'एक डाव भुताचा'चा उत्तरार्ध पाहिलेला नाही. टीव्हीवर लागला तर मध्यंतरापर्यंत बघते आणि उठते. आजी १९९७ साली गेली.

तर तुम्हीही लिहा. कथानक नको, परीक्षण नको. कुठे पाहिला, शेजारी कोण बसलं होतं, काय आठवतं, एवढंच.

तिसरी_घंटा

पोत्याची खोळ! किती वर्षांनी हा शब्द वाचला. ताई, आजींनी सांगितलेला शेवट काय होता ते लिहायचं राहिलं.

कार्बनकांडी

माझे वडील ऑपरेटर होते. आधी तालुक्याच्या गावी पत्र्याच्या थिएटरात, नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी. त्यामुळे माझं उत्तर 'केबिनमध्ये, स्टुलावर उभं राहून, चौकोनी झरोक्यातून' असं आहे.

तेव्हा आमच्या मशीनमध्ये दिवा नसायचा. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, त्यांची टोकं जवळ आणून पेटवायची आणि जळत जातील तशा पुढे सरकवत राहायचं. लक्ष चुकलं की पडदा पिवळट पडायचा आणि खालून शिट्ट्या यायच्या. अडीच तासांच्या सिनेमाची फिल्म म्हणजे साधारण साडेतेरा हजार फूट. ती सलग नसते, डब्याडब्यांत असते. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका दिसतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू करायचं, दुसऱ्या ठिपक्याला चित्र तिकडे वळवायचं. खाली बसलेल्याला कळताही कामा नये. वडील निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. टीव्हीवर एखादा जुना सिनेमा लागला आणि तो ठिपका येऊन गेला, की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा हात अजून हलतो.

१९८६ च्या दिवाळीत आमच्या गावातल्या दोन थिएटरांत मिळून 'धुमधडाका'ची एकच प्रिंट होती. इथला खेळ अर्ध्या तासाने आधी सुरू करायचा आणि संपलेली रिळं सायकलवरून तिकडे पोचवायची. सायकल माझी होती. मी तेरा वर्षांचा. प्रत्येक रीळ तिकडे टाकून परत येईपर्यंत इथे पुढचं अर्धं निघून गेलेलं असायचं. तीन आठवडे तो सिनेमा मी रोज पाहिला आणि एकदाही सलग पाहिला नाही. अशोक सराफांचा 'व्याख्या विख्खी वुख्खू' मात्र माझा कधी चुकला नाही. त्या वेळेला वडील मला मुद्दाम थांबवून घ्यायचे. म्हणायचे, "दोन मिनिटांनी काही बिघडत नाही, बघून जा."

माळावरची ताई, तुमच्या तंबूतल्या माणसाने जनरेटर बंद केला, पण चित्र त्याआधी गेलं, असं तुम्ही लिहिलंय. त्याने आधी रीळ उतरवून डब्यात बंद केलं असणार. प्रिंट भिजली असती तर पुढच्या गावचा खेळ गेला असता. त्या माणसाचं चुकलं नाही.

माळावरची

दादा, चाळीस वर्षं मी त्या माणसावर मनातून रागावलेले होते. तो राग आज गेला. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

तिसरी_घंटा, आजीचा शेवट लिहीन. जरा धीर होऊ दे.

निशिगंध

धागा वाचून राहवलं नाही. पण एक गोष्ट आधीच लिहिते, नाहीतर पुढची पन्नास उत्तरं अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यावरच येतील. दोघंही मला प्रिय आहेत. पण ऐंशीचं दशक १९८५ ला सुरू झालं नाही. त्याआधीची पाच वर्षं अभिनेत्री रंजनाची होती.

'चानी' ७७ चा, तो सोडू. पण १९८१ चा 'अरे संसार संसार' घ्या, १९८३ चा 'गुपचुप गुपचुप' घ्या, ८४ चे 'मुंबईचा फौजदार' आणि 'बिनकामाचा नवरा' घ्या. माळावरच्या ताईंचा 'एक डाव भुताचा' घ्या, त्यातही ती आहे. एका सिनेमात पिचलेली शेतकरीण, लगेच पुढच्यात फटकळ, चपळ, हसवणारी. विनोदाची वेळ साधणं हे तेव्हा पुरुषांचं काम समजलं जायचं. अशोक सराफांच्या समोर उभं राहून, त्यांच्या वाक्यावर वाक्य टाकून हशा घेणारी नायिका तिच्याआधी मी पाहिली नव्हती, आणि नंतरही फार थोड्या पाहिल्या.

मी पाहिला तो 'गुपचुप गुपचुप'. माझ्या मावशीबरोबर, नाशिकला. मावशीचं लग्न ठरत नव्हतं, ती घरात फारशी बोलायची नाही. सिनेमा सुटल्यावर सबंध रस्ताभर तिने मला रंजनाची वाक्यं म्हणून दाखवली. हातवारे करून, भर रस्त्यात. आमच्या घरात इतकी गमतीशीर बाई आहे हे मला त्या दिवशी कळलं.

१९८७ मध्ये चित्रीकरणासाठी जाताना रंजनाच्या गाडीला अपघात झाला आणि तिचं नायिका म्हणून काम तिथेच थांबलं. २००० साली ती गेली. म्हणजे बघा, विनोदी सिनेमांची लाट जोरात आली नेमक्या त्याच वेळी विनोद करू शकणारी नायिका नव्हती. ती असती तर त्या लाटेतल्या बायका वेगळ्या दिसल्या असत्या, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी_घंटा

रंजनाबद्दल शंभर टक्के अनुमोदन. तिची आई वत्सला देशमुख आणि मावशी संध्या, दोघीही शांतारामबापूंच्या, म्हणजे व्ही. शांतारामांच्या सिनेमांतल्या. घरातच होतं ते.

दुसरा_अंक

निशिगंध यांचा मुद्दा थोडा पुढे नेतो. थोडं विषयांतर होईल, माळावरची यांनी समजून घ्यावं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर राज्य सरकारने मराठी सिनेमाला करमणूक कर परत देण्याची योजना आणली. अट अशी की निर्मात्याने त्यातून पुढचा मराठी सिनेमा काढायचा. त्यामुळे एकाचे पैसे दुसऱ्यात आले, सिनेमे वाढले. हे चांगलंच झालं. पण जे चाललं तेच पुन्हा काढायचा मोहही वाढला. 'धुमधडाका' ही महेश कोठारे यांची दिग्दर्शक म्हणून पहिली फिल्म, आणि ती १९६६ च्या 'प्यार किये जा'वरून घेतलेली, जी स्वतः एका तमिळ सिनेमावरून आलेली होती. 'बनवाबनवी'चं मूळही १९६६ च्याच 'बीवी और मकान'मध्ये. गोष्ट उसनी घेण्यात काही वाईट नाही. वसंत सबनीसांनी लिहिलेली 'बनवाबनवी' मूळ सिनेमापेक्षा कितीतरी जास्त लोकांच्या तोंडी आहे. पण त्या दोन सिनेमांमागे लिहिणारी आणि सांभाळणारी माणसं होती. त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळ सिनेमांत फक्त पळापळ होती.

त्याच दशकात राजदत्त 'अरे संसार संसार' करत होते, हुंड्यावरचा 'पुढचं पाऊल' करत होते, 'सर्जा' करत होते. यांतल्या 'पुढचं पाऊल' आणि 'सर्जा'ला त्या त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते मात्र आज कुणी पाठ म्हणून दाखवत नाही.

पहिला_भोंगा

दुसरा_अंक, तुमचं पुस्तकी म्हणणं खरं असेल. मी काय पाहिलं ते सांगतो.

वडील लालबागला कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पाच-सहा महिन्यांनी आई आम्हा भावंडांना घेऊन राजापूरकडे गावी गेली. वडील मुंबईतच राहिले, मिळेल ते करत. आम्ही परत आलो तेव्हा मी पाचवीत होतो, आणि वडील मला ओळखू येईनात इतके वाळले होते. बोलणं तुटलेलं. चाळीत आधी संध्याकाळी ओट्यावर बसणारी माणसं आता एकमेकांना चुकवून जिने उतरायची. कोण कुठे लागलं, कोणाला परत घेतलं, कोणाला नाही, हे विचारायची सोय नव्हती.

'धुमधडाका' भारतमाताला पाहिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : भारतमाता लालबागला, गिरणीच्याच जागेवर उभं असलेलं थिएटर. कामगारांचं थिएटर म्हणूनच त्याची ओळख, आणि मराठी सिनेमाला तिथे हक्काची जागा. आम्ही चौघं गेलो होतो. शरद तळवलकरांचा धनाजीराव वाकडे पडद्यावर आला आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की शेजारचा आवाज वडिलांचा आहे. ते हसत होते.

पण मला आठवतं ते मध्यंतर. बाहेर वडा घ्यायला गेलो तर वडिलांच्या खात्यातले तिघं जण तिथेच उभे. एक वॉचमन झाला होता, एक भाजी विकत होता, एक गावाहून परत आला होता, त्याला अजून काही लागलं नव्हतं. जी गोष्ट चाळीत तीन वर्षं कुणी बोललं नव्हतं ती त्या दहा मिनिटांत बोलली गेली. आधी हसून झालं होतं म्हणून बोलता आली, असं मला आज वाटतं. घंटा वाजली तरी चौघं आत जाईनात. आई आतून बोलवायला आली.

म्हणून त्या सिनेमांत नुसती पळापळ होती असं कुणी म्हटलं की मला लागतं. नीट बघा, त्या पळापळीचं कारण काय असायचं? नोकरी नाही. खोली नाही. 'बनवाबनवी'मध्ये चार जणांना राहायला जागा मिळत नाही म्हणून दोघांना लुगडं नेसावं लागतं. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं झोपायची. आम्हाला ती गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

दुसरा_अंक

पहिला_भोंगा, तुमचं मध्यंतर वाचून मी उठून गॅलरीत जाऊन आलो. 'नुसती पळापळ' हे शब्द मागे घेतो. बेकारी आणि जागेची टंचाई हे त्या सिनेमांचं खरं कथानक आहे, हे मी इतक्या वर्षांत कधी असं पाहिलं नव्हतं.

आईची_पर्स

मी 'उंबरठा'बद्दल लिहिते. १९८२. जब्बार पटेल, स्मिता पाटील, गिरीश कर्नाड, पटकथा तेंडुलकरांची. शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरून.

मी तो तेव्हा पाहिला नाही, आईने पाहिला. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, सोलापूरला. एका शनिवारी शाळा सकाळची होती, तर ती दुपारी एकटीच सिनेमाला गेली. तेव्हा बाई एकटी सिनेमाला जात नसे. मैत्रिणी मिळून जायच्या, नाहीतर नवऱ्याबरोबर. घरी येऊन तिने कुणाला सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा गेली. मला हे कळलं ते तिच्या पर्समध्ये दोन अर्धी तिकिटं सापडली तेव्हा, म्हणजे २०११ साली, ती गेल्यानंतर. निळी पर्स, आतल्या कप्प्यात, देवाच्या चपट्या फोटोमागे.

मग मी सिनेमा पाहिला. सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाच्या नोकरीवर जाते, परत येते तेव्हा घर तिचं राहिलेलं नसतं, आणि ती पुन्हा निघते. लताबाईंच्या आवाजातली 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' ही सुरेश भटांची गझल आई पोळ्या लाटताना गुणगुणायची. मला वाटायचं रेडिओवरून उचलली असेल.

आई कधी घर सोडून गेली नाही. तशी काही गोष्टही मला माहीत नाही. पण त्या दोन शनिवारी ती शेजारी कुणीही नसताना बसली होती. तुमच्या 'कुणाबरोबर' या प्रश्नाला हेही एक उत्तर आहे.

निशिगंध

तिकिटं जपून ठेवा.

आईची_पर्स

पर्ससकट ठेवली आहेत.

नव्याण्णव

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझा जन्म १९९९ चा. त्यामुळे हे दशक माझं नाही, पण लक्ष्या, धनंजय माने, तात्या विंचू ही मंडळी माझ्या घरचीच. लहानपणापासून दर सुट्टीत पाहिलेली.

कुठे पाहिला म्हणाल तर 'बनवाबनवी' पुण्यात, २०२१ मध्ये, एका रिकाम्या खोलीत, जमिनीवर, चौघींनी एका फोनवर. आम्ही चौघी पहिल्या नोकरीसाठी आलो होतो आणि तीन आठवडे खोली शोधत होतो. जिथे जाऊ तिथे "फक्त फॅमिलीला देतो". शेवटी एका आजींनी जागा दिली. पंखा नव्हता, गाद्या यायच्या होत्या. पहिल्या रात्री एकीने तो सिनेमा लावला. सुधीर जोशींचे विश्वासराव सरपोतदार घर सोडायला सांगतात तिथे आम्हाला चौघींनाही हसू आणि रडू एकदम आलं. त्यात सत्तर रुपये बुडाल्याचा जो प्रसंग आहे, तो तर आम्ही अजून घरभाडं वाटून घेताना दर महिन्याला करून दाखवतो.

पहिला_भोंगा काका, तुमचं लिहिलेलं मी तिघींना वाचून दाखवलं.

तिसरी_घंटा

स्वागत! फक्त तात्या विंचू १९९३ चा, 'झपाटलेला'मधला. आणि पुढे कुणी 'धडाकेबाज' लिहील, तोही १९९० चा. ऐंशीतला कोठारे-लक्ष्या म्हणजे 'धुमधडाका', 'दे दणादण' आणि 'थरथराट'. 'दे दणादण' मी पाचदा पाहिलाय. मारुतीच्या कृपेने अंगात बळ आलेला आणि लाल रंग दिसला की ते गमावणारा हवालदार. आमच्या शाळेत तेव्हा कुणाशी भांडण झालं की समोरच्याला लाल पट्टी दाखवायचे.

'गंमत जंमत'मधलं 'अश्विनी ये ना' किशोरकुमारांनी गायलं ते १९८७ साली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते गेले. आमच्या गणेशोत्सवात दीड महिना आधीच ते गाणं लाउडस्पीकरवर सतत चालू होतं. गल्लीत मध्ये पडदा लावून सिनेमा दाखवायचे, ते कुणी लिहिलं नाही अजून. आम्ही पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो, गर्दी कमी म्हणून. सगळे नायक डावखुरे दिसायचे. सचिनला मी बराच काळ डावखुरा समजत होतो.

कोरडवाहू

मी जालना जिल्ह्यातला. शेती. लिहायची फार सवय नाही.

'सर्जा' ८७ चा. त्या साली आमच्याकडे पाऊस नव्हता. नक्षत्रामागून नक्षत्रं कोरडी गेली. मी सतरा-अठराचा. विहिरीवर वडिलांचा ट्रान्झिस्टर असायचा, आणि त्यावर 'चिंब पावसानं रान झालं आबादानी' लागायचं. सुरेश वाडकर आणि लताबाई. गाणं महानोरांचं, चाल हृदयनाथांची. वडील एरवी गाणी ऐकत नसत, बातम्या आणि बाजारभाव तेवढे. हे गाणं लागलं की मोट... म्हणजे मोट तेव्हा राहिली नव्हती, पण हातातलं काम थांबवायचे. मला राग यायचा. रानात भेगा पडल्यात आणि हे काय ऐकायचं. एकदा मी बंद करायला गेलो तर म्हणाले, "असू दे. ज्यानं लिहिलं त्यो शेतकरीच हाय. त्याला म्हाईत हाय."

खरंच होतं ते. महानोर पळसखेडचे, अजिंठ्याच्या बाजूचे, आमच्यासारखीच जमीन कसणारे. कोरडं रान पाहिल्याशिवाय ओल्या रानाचं असं लिहिता येत नाही.

सिनेमा नंतर पाहिला, दूरदर्शनवर, शनिवारचा मराठी चित्रपट, सरपंचाच्या वाड्यात. पन्नास माणसं दाटीवाटीने. मी वडिलांच्या मागे बसलो होतो. गाणं आलं आणि वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. देवळात काढतात तशी. का ते मी विचारलं नाही.

कार्बनकांडी

कोरडवाहू दादा, मी हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'सर्जा'ची प्रिंट त्यांच्याकडे आली होती आणि त्या गाण्याचं रीळ इतर रिळांपेक्षा जास्त घासलेलं होतं. लोक ते पुन्हा लावायला लावायचे. प्रत्येक गावात थोडं थोडं झिजून ते त्यांच्यापर्यंत आलं होतं.

तिसरी_घंटा

माळावरची ताई, मी 'एक डाव भुताचा' काल रात्री पुन्हा पाहिला. पटकथा आणि संवाद द. मा. मिरासदारांचे, आणि शाळेतले मुख्याध्यापकही तेच झालेत, हे मी विसरलो होतो. शेवट सांगू का? की तुम्हाला एकदा बघायचाय?

माळावरची

नको. सांगू नका आणि कुणी इथे लिहूही नका, एवढी विनंती. मिरासदार मुख्याध्यापक आहेत ते मात्र आवडलं.

आजीचा शेवट लिहिते. दोन दिवस आठवून पाहिला, भावालाही फोन केला. तो तेव्हा चार वर्षांचा, कडेवर झोपला होता, त्याला काही आठवत नाही. म्हणजे तो आता माझ्या एकटीकडेच आहे.

आजी चिखलातून पाय उचलत सांगत होती. खंडोजीला एके दिवशी कळतं की मास्तरांची बदली झाली. तो हिरमुसतो. आता मी बोलू कुणाशी, मला तर दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. मास्तर म्हणतात, तू माझ्याबरोबर चल. खंडोजी म्हणतो, मला हे रान सोडून जाता येत नाही. मग मास्तर काय करतात, तर रात्री शाळेत जातात, कुलूप उघडतात, आणि हजेरीच्या वहीत सगळ्या पोरांच्या खाली खंडोजीचं नाव लिहितात. शाईनं, पुसता येणार नाही असं. दुसऱ्या दिवशी नवे मास्तर येतात. नावं वाचतात. पोरं एकेक "हजर" म्हणतात. शेवटचं नाव येतं, खंडोजी फर्जंद. नवे मास्तर मान वर करून बघतात, असा कोणी पोरगा दिसत नाही. आणि मागच्या भिंतीकडून आवाज येतो, "हजर."

मी विचारलं, "मग मास्तर घाबरले?"

आजी म्हणाली, "घाबरतील कशानं? त्येंनी बरूबरची खूण केली आन् फळ्याकडं वळलं."

आजी शाळेत गेलेली नव्हती. हजेरी कशी घेतात ते तिने आमच्या शाळेच्या खिडकीतून पाहिलं होतं, मला डबा द्यायला यायची तेव्हा.